साताऱ्यात बदली झाली आहे, लहान मुलं आहेत. संध्याकाळी आणि रविवारी लोक जातात कुठे? जवळपास तळं आहे का?

तळ्याचं विचारलंत म्हणून आधी तेच. मोती तळं, मंगळवार तळं, फुटकं तळं ही शहरातली जुनी तळी पेठांच्या दाटीत आहेत. सहलीला तिथे कुणी जात नाही. सातारकर तळं म्हणतो ते कासचं, शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर, यवतेश्वरचा घाट चढून.

रोजच्यासाठी शहराला लागूनचा अजिंक्यतारा किल्ला पुरतो. डांबरी रस्ता थेट दरवाजापर्यंत जातो, पण पहाटे निम्मं गाव पायीच चढतं. संध्याकाळी पोरांना घेऊन ‘चार भिंती’ हे टेकडीवरचं स्मारक, नाहीतर राजवाड्याजवळची चौपाटी. पाहुणे आले की कंदी पेढे आणि सज्जनगड, हे ठरलेलंच.

आता कास. तिथलं फुलांचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हापासून ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते. फुलं बघायचीच असतील तर आधी ऑनलाइन नोंदणी करा आणि मधला वार धरा. लांबून गालिचा दिसतो तो तेरड्याचा. सीतेची आसवं मात्र जेमतेम नखाएवढी निळी-जांभळी फुलं. गुडघ्यावर बसल्याशिवाय दिसत नाहीत. तीही आखलेल्या वाटेवरूनच बघायची, कारण सड्यावर, म्हणजे या कातळाच्या पठारावर, मातीचा थर इतका पातळ असतो की पाय पडला की तिथलं रोप गेलंच. जुन्या राजमार्गाने थोडं आत चाललात तर कुमुदिनीचं तळं लागतं. पांढऱ्या पाकळ्यांवर बारीक लव असते. ऊन असताना जा, संध्याकाळी फुलं मिटलेली असतात.

पण मुलांसाठी मी फुलांचा हंगाम सुचवणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. कास तलाव पठाराच्या थोडा पुढे, बामणोलीच्या रस्त्यावर आहे. सकाळी सातला घर सोडा, डबा घरूनच न्या. वारा बोचरा असतो, कानटोपी लागतेच. आणि पाण्यात उतरू देऊ नका. हे पाणी उताराने खाली शहरात प्यायला जातं, हे एक. दुसरं म्हणजे काठ शेवाळलेला असतो, पाय घसरला तर धरायला काही नसतं. उरलेला कचरा परत डिकीत.

पेट्रोल शहरातच भरून घ्या. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गियरमध्ये ठेवा. सतत ब्रेक दाबून उतरणाऱ्यांचे ब्रेक तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणांवर पकड सुटते. न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणारे महाभाग आहेत, त्यांच्या मागे राहू नका. पावसाळ्यात भर दुपारीसुद्धा धुकं उतरतं, तेव्हा दिवा खालचाच लावा. वरचा लावला की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो.

होडीत बसायचं असेल तर तसंच पुढे बामणोलीला. तिथे कोयनेचा शिवसागर जलाशय आहे. भाडं माणशी नसून अख्ख्या बोटीचं असतं, त्यामुळे दोन-तीन कुटुंबं मिळून गेलात तर परवडतं. सकाळची फेरी घ्या. दुपारनंतर वारा सुटला की लाटा उसळतात आणि मुलं घाबरतात. लाइफ जॅकेट नुसतं अडकवू नका, पट्टे आवळा. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकून डोक्यातून निघतं, म्हणून लहान मापाचं आहे का ते बोट ठरवतानाच विचारा.

जलाशयापलीकडचा वासोटा किल्ला मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर. बोटीने जाताना तासाहून जास्त, मग जंगलातली दोन-अडीच तासांची चढण, आणि संध्याकाळच्या आत परत. वन खात्याची परवानगी लागते, ओळखपत्राच्या झेरॉक्स बरोबर ठेवा. प्लॅस्टिकच्या वस्तू आत जाताना मोजतात आणि बाहेर येताना पुन्हा मोजतात. पावसाळ्यात हा ट्रेक बंद असतो.

एप्रिल-मेमध्ये बामणोलीला जाणार असाल तर एक लक्षात घ्या: वीजनिर्मितीसाठी पाणी सोडल्याने जलाशय बराच आटलेला असतो, बोट खूप खाली लागते. तिथवर गाळातून उतरावं लागतं. वरून तो कोरडा, भेगाळलेला दिसतो, पण पाण्याजवळ पाय घोट्यापर्यंत रुततो आणि चप्पल आतच राहते. मागे पट्टा असलेले सँडल घाला.