नोटिशीच्या उत्तरात कलम ३२ टाकू नका

तुमची पोस्ट वाचून जुन्या गोष्टी वर आल्या. एमओ (वैद्यकीय अधिकारी) रजेवर, आजोबांच्या बीपीच्या गोळ्या संपलेल्या, तुम्ही उपकेंद्रातून महिनाभराची अ‍ॅम्लोडिपिन दिली आणि आता "कोणत्या अधिकारात औषध दिले?" म्हणून कारणे दाखवा नोटीस. वरती तीन-चार जणांनी सल्ला दिलाय की उत्तरात एनएमसी कायद्याचं, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याचं, कलम ३२ टाका. ताई, तेवढं करू नका. मीही बीएस्सी नर्सिंग आणि ब्रिज कोर्स करून सीएचओ (उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी) झालेली आहे आणि जवळपास हाच कागद माझ्याही हातात पडला होता.

कलम ३२ काय म्हणतं ते आधी बघा. २०१९ च्या कायद्यात 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर'ला मर्यादित परवाना देता येईल, असे परवाने नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावेत, प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेत ठरावीक औषधं स्वतंत्रपणे लिहिता येतील, असं लिहिलंय. वाचायला छान वाटतं. याच तरतुदीवरून आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेने ३१ जुलै २०१९ ला देशभर चोवीस तास काम बंद ठेवलं होतं. पण परवाना कोणाला, कोणत्या निकषावर, कोणती औषधं, हे सगळं कलमाने नियमांवर सोडलंय. तुमच्या नावाचा परवाना हातात नसताना ते कलम दाखवणं म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढायच्या आधी शेतात नांगर घालणं. त्यातून समोरच्याला एवढंच दिसतं की ही बाई स्वतःच म्हणतेय, मी प्रिस्क्रिप्शन दिलं. तुम्ही ते दिलेलंच नाही. डॉक्टरांनी आधी सुरू केलेलं औषध तुम्ही पुढे चालू ठेवलं, आणि तुमचं सगळं उत्तर याच एका गोष्टीवर उभं करा.

आता माझं. ऑफिसचं नाव घेत नाही, तालुक्याचं की जिल्ह्याचं तेही नाही. आढावा बैठकीत तोंडी आदेश झाला होता, बीपी-शुगरचे पेशंट तुटले नाही पाहिजेत, पोर्टलवर आकडे लाल दिसतायत, गोळ्या द्या. ग्रुपवर मेसेजही पडला. आम्ही दिल्या. पुढे एका काकांचे पाय सुजले. अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात हे आपल्याला माहीत आहे. ते खासगीत गेले, तिथे "कोणी दिल्या?" असं विचारलं गेलं, आणि तक्रार आली. त्याच ऑफिसने मला पत्र काढलं. ग्रुपवर बघितलं तर त्या जागी "हा मेसेज डिलीट केला आहे".

मी उत्तर दिलं, ते प्रकरण मिटलंही. खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. मी लेखी मागितलं की एमओ नसताना जुन्या पेशंटला किती दिवसांची औषधं द्यायची याचा स्थायी आदेश द्या. उत्तर काय, तर "मार्गदर्शन मागवले आहे". परत विचारलं, तेच. साहेब बदलले, नवीन साहेबांना फाईलच माहीत नाही. तोपर्यंत मी गोळ्या देणं थांबवलेलं. आमच्या वाडीतून पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जायचं म्हणजे मजुरी बुडते, वर वडापचं भाडं. काही जणांनी गोळ्याच सोडल्या. आणि महिनाअखेरीस इन्सेन्टिव्ह कापताना त्याच ऑफिसचा शेरा: फॉलोअप कमी. यावर अजूनही डोकं फिरतं माझं.

बरं, आपण मागतो ते काही जगावेगळं नाही. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात आपल्याकडचे भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा हे जिल्हे होते. त्याची पद्धतच अशी की औषध आणि डोस ठरलेला साधा प्रोटोकॉल, आणि पुढच्या गोळ्या घराजवळच्या केंद्रावर. २०१४ मध्ये केंद्र सरकारने एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सला, ठरावीक परिस्थितीत तान्ह्या बाळाला जेंटामायसिन हे अँटिबायोटिक द्यायची लेखी मुभा दिली, डोससकट. जिथे सरकारला अधिकार द्यायचा असतो तिथे असा कागद निघतो.

दुसरीकडे याच राज्यात २०१४ ला कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या कोर्सवर अ‍ॅलोपॅथीचं दार उघडलं. तो वाद कोर्टात गेला, त्यात पडत नाही, आणि त्यांचं शिक्षण कमी असंही म्हणत नाही. पण नर्सिंगच्या चार वर्षांत आपणही औषधशास्त्र शिकलोय, वॉर्डात रात्रपाळीला डॉक्टर येईपर्यंत पेशंट आपणच सांभाळलाय. ब्रिटनमध्ये जादा प्रशिक्षण घेतलेल्या नर्सना २००६ पासून जवळपास सगळी औषधं लिहिता येतात. मला तेवढंही नको. साध्या बीपीला पहिली गोळी प्रोटोकॉलप्रमाणे सुरू करू द्या, यादी द्या, एमओंनी महिन्याला कार्डं तपासावीत. काही सहकाऱ्यांना हेही कमी वाटेल, काहींना जास्त. माझं मत आहे, सोडून द्या.

नोटिशीकडे येते. पेशंटच्या कार्डावर एमओंची पहिली नोंद आणि सही असेल, त्याचा फोटो काढून ठेवा. त्या दिवशीचं बीपी रीडिंग, साठा रजिस्टरची नोंद, एमओंना फोन केला असेल तर त्याची वेळ, हे क्रमाने लिहा. ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा) सल्ला घेतला असेल तर प्रश्नच मिटला, त्या प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांचं नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, प्रिंट जोडा. घेतला नसेल तर घेतला असं लिहू नका. कोणी म्हणेल, औषध नियमांतल्या शेड्यूल के प्रमाणे उपकेंद्राला सूट आहे. आहे, पण ती विक्री परवान्यातून, औषध ठरवण्याची नव्हे. शेवटच्या परिच्छेदात स्थायी आदेशाची मागणी टाका आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

बाहेरच्या मेडिकलसाठी चिठ्ठी कधीच लिहू नका, पेशंट कितीही गळ घालो. गावात "डॉक्टरीणबाई" म्हणतात ते म्हणू देत, आपण शिक्क्यावर 'डॉ.' टाकायचं नाही. आणि विषय निघालाच आहे तर, तरुण बाईला टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी पुढे चालू ठेवताना पाळी विचारा. गरोदरपणात ती गोळी चालत नाही. दिवस राहिल्याची शंका असेल तर लगेच एमओंना दाखवा.

मी वकील नाही, आणि तुमच्या जिल्ह्यात वेगळं परिपत्रक निघालेलं असू शकतं, तेव्हा संघटनेच्या माणसाला एकदा दाखवा. उत्तराचा मसुदा तयार झाला की पेशंटचं आणि गावाचं नाव खोडून इथे टाका, रात्री ड्युटीनंतर बघते.