सहावीचा गणिताचा वर्ग मिळालाय?

मॅडम, पहिल्याच आठवड्यात पोर्शनच्या मागे धावू नका. फळ्यावर १/२ + १/३ लिहा आणि वह्यांतून फिरा. बऱ्याच ठिकाणी २/५ दिसेल. लगेच छेद समान करायची रीत सांगत बसू नका. २/५ तर अर्ध्यापेक्षा कमी, मग अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर घटलं कसं, एवढंच विचारा. अपूर्णांक कच्चे राहिले की पुढे गुणोत्तर-प्रमाण अडतं, आठवीत परिमेय संख्या आणि चलनही (एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते).

ऋण संख्यांची बेरीज जमिनीवर खडूने आखलेल्या संख्यारेषेवर चालवून घ्या, पटकन जमते. ऋण गुणिले ऋण धन का, याला मात्र वेळ द्या. २ × (−३) = −६, १ × (−३) = −३, ० × (−३) = ०, आता (−१) × (−३)? मुलं स्वतःच ३ म्हणतात.

सातवीत बैजिक राशी आल्या की ३क्ष + २ चे ५क्ष होणारच. क्षच्या जागी १० घालायला लावा: एकीकडे ३२, दुसरीकडे ५०. समीकरणांत ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हे जितकं उशिरा सांगाल तितकं बरं (क्लासवाले सांगतातच आधी). भूमितीचं फार टेन्शन नको, कंपास हातात दिला की मुलं रमतात.