दीड वर्षाच्या मुलाला जुलाब होतायत आणि डॉक्टर सलाईन लावत नाहीत. डॉक्टर बदलू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा दीड वर्षाचा आहे, कालपासून सात-आठ वेळा पातळ शी झाली, दोनदा उलटी झाली, अंग जरा कोमट आहे. डॉक्टरांनी तपासून ओआरएसच्या, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-ग्लुकोजच्या पुड्या आणि झिंक लिहून दिलं. जुलाब बंद करायचं औषध नाही, सलाईन नाही. आता घरात सगळे म्हणतायत, डॉक्टर बदल.

मी डॉक्टर नाही. सांगलीत एका बालरोगतज्ज्ञांकडे तेवीस वर्षं सिस्टर आहे, नर्सिंग मिरजेत शिकले. बाळ मी बघितलेलं नाही, तेव्हा माझं लिहिणं तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्याच्या जोडीला वाचा. पण एवढ्यावरून तरी मला वाटतं, नका बदलू. ज्यानं सुई न टोचता तुम्हाला घरी पाठवलं त्यानं बाळाला नीट तपासलं असणार.

आमच्याकडे पावसाळ्यात रोज निदान दोन-तीन आज्या म्हणतात, "सिस्टर, एक बाटली लावा की, पोरगं पार गळून गेलंय." मी त्यांना दोष देत नाही. बाटली दिसते, थेंब पडताना दिसतात, काहीतरी चाललंय असं वाटतं. चमच्यानं पाणी पाजणं म्हणजे उपचार झाला असं कुणालाच वाटत नाही. मला तरी कुठं वाटलं होतं? माझी लेक दहा महिन्यांची असताना तिला असेच जुलाब लागले. मी सिस्टर, पर्समध्ये ओआरएसच्या तीन पुड्या, आणि तरी रात्री अकराला तिला एका दवाखान्यात नेऊन हट्टानं सलाईन लावायला लावलं. दोन्ही हातांना शीर सापडेना, मग पायाला, शेवटी चौथ्यांदा मिळाली. तिचे हात मीच धरून बसले होते. इतकं रडली की नंतर दोन तास अंगावर प्यायलाच तयार नव्हती. पुड्या पर्समध्ये तशाच.

जुलाबात अंगातलं पाणी आणि क्षार निघून जातात, आणि ते भरून नाही निघाले तर मूल धोक्यात येतं. बहुतेक वेळा कारण विषाणू असतो, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. शीमध्ये रक्त दिसलं तर गोष्ट वेगळी. मोठी माणसं जुलाब थांबवायला जी गोळी घेतात ती लहान मुलांना देत नाहीत. तिच्यानं आतड्यांची हालचाल मंदावते, पोट फुगतं, आणि पाणी आतल्या आत साठत राहतं. वरून मात्र वाटतं, जुलाब थांबले.

ओआरएसची गंमत अशी की जुलाब चालू असतानाही आतडं ग्लुकोज आत घेत असतं, आणि ग्लुकोजबरोबर मीठ आत जातं, मिठामागून पाणी. तिन्हींचं प्रमाण जमलेलं असावं लागतं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलऱ्यानं माणसं पटापट मरत होती आणि सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच पेल्यानं पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले, पद्मविभूषण मिळालं ते त्यानंतर. सलाईन मागणाऱ्या आज्यांना मी ही गोष्ट सांगते. निम्म्या ऐकतात.

आता पुडी. इथंच सगळ्यात जास्त चुका होतात. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी २०० मिलिलिटरची, पुडीवर छापलेलं असतं, आधी ते वाचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेनं आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी ओलांडली, अर्धी सांगली पाण्यात होती. तेव्हा मी एका शाळेतल्या निवारा छावणीत मदतीला होते. एक आई पेल्यात ओआरएस कालवून पाजत होती. चाखून बघितलं तर समुद्र! एक लिटरची अख्खी पुडी तिनं एका पेल्यात घातली होती, "जास्त ताकद यावी म्हणून." इतकं खारट पाणी बाळाच्या अंगात मीठ वाढवतं, त्यानं झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणून लिटरची पुडी असेल तर विकतची एक लिटरची पाण्याची बाटली मापाला घ्या. पाणी उकळून गार केलेलं. सगळी पुडी एकदम घाला, अर्धी-अर्धी करू नका. वरून साखर नको, दुधात कालवणं नको, कालवल्यावर उकळणं नको. झाकून ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

आणि दुकानात टेट्रापॅक मिळायचे ना, ओआरएस असं मोठ्या अक्षरात लिहिलेले, सफरचंद-संत्र्याच्या चवीचे? त्यात साखर फार असायची, आणि जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई त्याविरुद्ध कित्येक वर्षं भांडल्या. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे अन्नपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. मेडिकलमध्ये 'डब्ल्यूएचओचा (जागतिक आरोग्य संघटनेचा) फॉर्म्युला' असलेली पुडी मागा. स्वस्त असते म्हणून दुकानदार आपणहून पुढं करेलच असं नाही.

पाजायचं कसं? तुमच्या बाळाच्या वयाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर. घरातला चहाचा चमचा साधारण पाच मिलिलिटरचा, म्हणजे दहा ते वीस चमचे. मिनिटाला एक. बाटलीनं नाही, पेला तोंडाला लावून गटागटाही नाही, तसं केलं की उलटी ठरलेली. उलटी झालीच तर दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा, या वेळी आणखी सावकाश. अर्धा घाट चढल्यासारखा कंटाळा येतो, माहितीये. घरातल्या माणसांनी पाळी लावून घ्या. डॉक्टर बदला म्हणणाऱ्यांच्या हातात आधी चमचा द्या.

ओआरएस पित नाही म्हणून तुम्ही घाबरलाय. त्यात एक खूण आहे. अंगात पाणी पुरेसं असलेलं मूल खारट चव लागली की तोंड फिरवतं, चमचा भिरकावतं. पाणी कमी पडलेलं मूल तेच पाणी हावऱ्यासारखं पितं, पेला काढून घेतला की रडतं. म्हणून फेकाफेकी करणारं, खेळणारं बाळ असेल तर फार काळजी नको, थोड्या थोड्या वेळानं देत राहा. पण निपचित पडलंय आणि पीत पण नाही, तर एक मिनिट घालवू नका.

जेवण बंद करू नका. अंगावर पीत असेल तर पाजत राहा. मऊ भात, मुगाची खिचडी, दही-भात, केळं, जे आवडेल ते थोडं थोडं. "पोटाला विश्रांती" देऊन मूल नुसतं वाळतं. दात येतायत म्हणून जुलाब होतायत, हे सासूबाईंचं म्हणणं तुम्ही लिहिलंय. त्या वयात मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात. दाताचा दोष नाही.

झिंक मात्र पूर्ण चौदा दिवस द्या. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम. गोळी असेल तर चमचाभर पाण्यात विरघळते. चव धातूसारखी लागते, पहिल्या दिवशी थुंकतील. चौथ्या दिवशी शी घट्ट झाली की सगळे बंद करतात, आणि महिन्याभरात तेच मूल परत आमच्या बाकावर. झिंकनं पुढचे दोन-तीन महिने जुलाब परत व्हायची शक्यता कमी होते. रोटाव्हायरसचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना झाले होते का, ते लसीकरणाच्या कार्डावर बघून ठेवा, डॉक्टर विचारतील.

डायपर काढा. हे कुणी सांगत नाही. डायपरमध्ये पातळ शी आणि शू वेगळी कळत नाही, आणि या आजारात शूच मोजायची असते. सुती लंगोट बांधा. सहा-आठ तास शू नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, डोळे खोल गेलेत, तोंड कोरडं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश खाली बसते, शीमध्ये रक्त, प्यायलेलं सगळंच उलटून पडतंय, झटका आला, किंवा उठवलं तरी उठत नाही, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. तेव्हा सलाईन लागेल आणि तेव्हा ते लावायलाच हवं. वाटेत चमच्यानं पाजणं चालू ठेवा, रिक्षात सांडलं तरी चालेल.

आज रात्री किती वेळा शू झाली ते एका कागदावर लिहून ठेवा. उद्या डॉक्टर पहिलं तेच विचारतील.