रिपोर्ट चांगले आहेत, तरी घशात गोळा का?

लातूर-नांदेड भागातून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेकांची चिंता एकच असते. घशात गोळा अडकल्यासारखा वाटतो, तपासणीत काही निघत नाही, मग हा लपलेला कॅन्सर तर नसेल?

औसा तालुक्यातील एका ताईंचे दीर अन्ननलिकेच्या कॅन्सरने गेले आणि काही महिन्यांत यांच्या घशात गोळा जाणवू लागला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कान-नाक-घसा तज्ज्ञांची तपासणी झाली, एन्डोस्कोपीही झाली आणि दोन्हींत दोष निघाला नाही. तरीही त्या भाकरी सोडून पातळ वरणभातावर आल्या होत्या.

"जेवताना गोळा लागतो का?" मी विचारले.

"जेवताना नाही लागत. रिकामं बसलं की लागतो."

"मग भाकरी का सोडली?"

"अडकलीच तर, म्हणून."

या उत्तरातच निदानाचा धागा होता. अन्ननलिकेत खरा अडथळा असेल तर बहुधा घट्ट घास आधी अडू लागतो. हा गोळा मात्र दोन जेवणांच्या मध्ये जाणवतो आणि खाताना बहुतेकदा विरतो.

पुढच्या एका भेटीत मी म्हटले, "आपण दोघी सलग पाच वेळा आवंढा गिळू." चौथ्या वेळी त्यांचा घसा अडला आणि माझाही.

"मॅडम, तुम्हालाबी?" त्या थक्क होऊन म्हणाल्या.

लाळ संपली की निरोगी घसाही अडतो. गोळा आहे की गेला, हे पाहण्यासाठी त्या दिवसभर आवंढे गिळत होत्या, आणि त्या चाचपणीनेच गोळा टिकून राहत होता. लक्ष जिथे खिळते तिथली संवेदना मोठी होते, हे मी वर्षानुवर्षे मानत आले आहे. त्या दिवशी ताईंनी ते स्वतःच्या घशात पडताळले, आणि माझ्या कितीतरी समजावण्यांपेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला. कोरड्या आवंढ्याऐवजी पाण्याचा घोट, कालवणात भिजवलेली भाकरी आणि नंतर नुसती भाकरी, असे करत हुरड्याच्या दिवसांत त्या घरच्यांबरोबर पंगतीत बसल्या.

"म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ?" असे पुष्कळजण दुखावून विचारतात. तसे नाही. २०१६ च्या 'रोम ४' या पचनविकारांच्या निदानासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनी अशा तक्रारींना पचनमार्ग आणि मेंदू यांच्या परस्परसंवादातील विकार मानले आहे. ३३ देशांतील पाहणीत (२०२१) इंटरनेटवरून उत्तरे देणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांत असा किमान एक विकार आढळला. म्हणूनच डॉक्टरांनी नैराश्यावरील औषध कमी मात्रेत दिले, तर त्यांनी आपल्याला वेडे ठरवले असे समजू नये. मज्जातंतूंची वाढलेली संवेदनशीलता कमी करणे, हा त्यामागील हेतू असू शकतो.

मात्र समुपदेशन तपासणीनंतरच. घन पदार्थ अडू लागणे, गिळताना दुखणे, वजन घटणे, टिकून राहणारा घोगरेपणा, मानेत गाठ किंवा रक्ताची उलटी यांपैकी काहीही असेल, तर आधी तज्ज्ञ डॉक्टरांकडे जावे; तंबाखू, गुटखा किंवा दारूची सवय असलेल्यांनी तर एक दिवसही लांबवू नये.