आधी पैशांचं विचारून घे

प्रिय नव्या डॉक्टरीणबाई,

अनेक आशीर्वाद.

टेक्सासमधल्या संशोधन केंद्रातली ऱ्हीसस माकडांची कॉलनी सांभाळू, की लुइझियानातल्या निवृत्त चिंपांझींच्या आश्रयस्थानी जाऊ, असं विचारलंयस. शिवाय पहिल्या ठिकाणी गेले तर पाप लागेल का, हेही. पापपुण्याचं तुझ्या आजीला विचार. माझी उमर या जनावरांच्या औषधपाण्यात गेली, तेवढ्यापुरतं सांगतो.

चिंपांझींवरचं सगळं संशोधन फुकट होतं, असं तुला तिथे अनेक जण सांगतील. ते खरं नाही. हेपॅटायटिस सीची लागण माणसाखेरीज फक्त चिंपांझीला करता येत होती. १९८९ साली तो विषाणू ओळखला गेला तो लागण झालेल्या चिंपांझीच्या रक्तातून. आज आपल्याकडच्या ब्लड बँकेत प्रत्येक पिशवीची ती चाचणी होते. २०२०चं नोबेल याच कामाला मिळालं. हे नाकारून प्राण्यांची बाजू मांडू नकोस, ती लंगडी पडते.

पण एड्सची गोष्टही तितकीच लक्षात ठेव. एचआयव्हीसाठी चिंपांझी लागतील म्हणून १९८६ साली एनआयएचने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने, त्यांची पैदास सुरू केली. जंगलातून आणणं तेव्हा बंद झालं होतं, म्हणून घरची वीण. लागण होई, पण जवळजवळ कोणीच आजारी पडेना. म्हणजे ज्या रोगासाठी जन्माला घातले, त्याला ते उपयोगाचेच नव्हते. १९९७ साली राष्ट्रीय समितीचा अहवाल आला तेव्हा अमेरिकेच्या प्रयोगशाळांत सुमारे १,५०० चिंपांझी होते. पैदास थांबवा, आणि संख्या कमी करायची म्हणून कोणाला मारू नका, असं त्या अहवालाने सांगितलं. दुसरी शिफारस मला आजही मोठी वाटते, कारण ती पाळायची तर पुढची कित्येक वर्षं कुणीतरी बिल भरायला हवं.

आणि सगळी गोम तिथेच आहे. चिंपांझी चाळिशी-पन्नाशी गाठतो. अनुदान मिळतं पाच वर्षांचं. मधली वर्षं कोणाच्या वहीत मांडायची, हे पैदास करताना कोणी ठरवलं नव्हतं. २०००च्या कायद्याने निवृत्त चिंपांझींसाठी आश्रयस्थान मान्य केलं. देखभालीचा पाऊण खर्च सरकारचा, पाव देणग्यांतून. त्यावर तीन कोटी डॉलरची एकूण मर्यादा घातली, आणि २०१३मध्ये ती संपत आल्यावर कायदा बदलण्यासाठी धावाधाव. २०११च्या समितीने बहुतेक प्रयोग अनावश्यक ठरवले, २०१५मध्ये एनआयएचने ते पूर्ण थांबवले, तरी न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोचे म्हातारे चिंपांझी हलवायचे की नाहीत यावरून प्रकरण कोर्टात गेलं. लायबेरियात तर न्यूयॉर्क ब्लड सेंटर या रक्तपेढी संस्थेने आपल्या प्रयोगांतल्या चिंपांझींच्या खर्चातून २०१५ साली हात काढून घेतला. तिथले साठाहून अधिक चिंपांझी नदीतल्या बेटांवर होते. खाणं बोटीने यायचं, पाणीही माणसांनीच पुरवायचं. २०१७मध्ये तडजोड झाली आणि सेंटरने ६० लाख डॉलर दिले.

म्हणून मुलाखतीत पहिला प्रश्न तूच विचार: या जनावराच्या शेवटच्या दिवसाचे पैसे कुठे ठेवलेत? टेक्सासवाल्यांनी सरळ उत्तर दिलं तर जा. खुशाल जा. ‘बघू पुढे’ म्हणाले तर लुइझियाना. (टेक्सासच्या ऱ्हीसस माकडांच्या कागदांवर ‘इंडियन ओरिजिन’ दिसेल, दचकू नकोस. भारताने त्यांची निर्यात १९७८ साली बंद केली, त्याआधी गेलेल्यांची ती वंशावळ.)

आता थोडं कामाचं. अमेरिकन नियमांत मोठ्या चिंपांझीला किमान २५ चौरस फूट जागा आणि सात फूट उंची आहे, म्हणजे मुंबईतल्या न्हाणीघराएवढी. नियम पाळला म्हणजे सांभाळ झाला, असं समजणारे व्हेट मी बरेच पाहिले. १९८५च्या दुरुस्तीपासून मानसिक स्वास्थ्यही कायद्यात आहे. त्याचा अर्थ मात्र तुला रोज लावावा लागतो. भुलीचा डार्ट हा शेवटचा उपाय ठेव. रसाच्या एका घोटासाठी चिंपांझी जाळीला दंड लावून इंजेक्शन घेतो, फक्त महिनोन्‌महिने शिकवण्याची तयारी हवी. डार्ट मारणाऱ्या डॉक्टरला तो जन्मभर ओळखतो आणि थुंकतो, नेम उत्तम असतो. हृदयावर लक्ष ठेव. बंदिवासातले चिंपांझी सगळ्यांत जास्त हृदयविकाराने मरतात, आणि वरून काही दिसत नाही. नसबंदीवर फार विसंबू नकोस. लुइझियानात सगळे नर नसबंदी केलेले असताना २००७ साली पिल्लू जन्मलं!

आणि एक. माणसाची सर्दी त्यांना जीवघेणी ठरू शकते, क्षयाची तर कोणीच जोखीम घेत नाही. आपल्याला लहानपणी बीसीजी, म्हणजे क्षयाची लस, टोचलेली असते, त्यामुळे तिथली त्वचेवरची क्षयाची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि रुजू होणं लांबतं. निघण्यापूर्वी छातीचा एक्स-रे काढ, रक्तावरची क्षयाची चाचणी कर, दोन्हींचे रिपोर्ट इंग्रजीत, सहीशिक्क्यासह हातातल्या बॅगेत ठेव. हेपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का, तेही उलट टपाली कळव.

तुझा,
सर