पीस पोस्टिंगला आजार सापडला म्हणून अपंगत्व पेन्शन जात नाही

प्रश्न : २४ वर्षं पायदळात काढून २०१९ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालो. सियाचीन, कुपवाडा करून पुण्यात आलो तेव्हा उच्च रक्तदाब निघाला. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डाने ३० टक्के कायमचं अपंगत्व धरलं, पण ‘सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही’ असा शेरा मारला. पहिलं अपील दोन ओळींच्या पत्राने फेटाळलं, त्याला दीड वर्ष झालं. आता सगळं संपलं का? (जि. सातारा)

उत्तर : हवालदारसाहेब, फाइल माळ्यावर टाकू नका. तुमची केस लढण्यासारखी आहे.

सगळं अडलंय ते त्या एका शेऱ्यावर. बोर्डाच्या फॉर्ममध्ये शेऱ्याचं सविस्तर कारण लिहायला जागा असते, आणि तिथे अनेकदा ‘पीस स्टेशनवर सुरुवात’ (म्हणजे आजार शांत भागातल्या नेमणुकीत सुरू झाला) एवढंच खरडलेलं असतं. एवढं पुरत नाही. धरमवीर सिंग खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा धडधाकट होता असं धरायचं आणि नंतरचा बिघाड सेवेमुळे मानायचा. तसं नाही, हे दाखवायची जबाबदारी सरकारची. आजार भरतीच्या तपासणीत का सापडू शकला नसता, याची कारणं बोर्डाने लिहायला हवीत. रक्तदाब पुण्यात मोजला तेव्हा दिसला, म्हणून आधीची सियाचीन-कुपवाड्याची नोकरी पुसली जात नाही.

तेव्हा आधी कागद. रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा. भरतीची वैद्यकीय तपासणी, रिलीज (निवृत्तीच्या) मेडिकल बोर्डाचे सगळे कागद आणि फील्ड-पीस नोंदीसह पोस्टिंगची यादी मागा. त्यात जास्त वजन किंवा तंबाखूचा उल्लेख असेल तर वकिलापासून लपवू नका. सरकारी वकील नेमकं तेच पान उघडतो.

दुसऱ्या अपिलाची सहा महिन्यांची मुदत गेली आहे. तरी उशिराचं कारण लिहून ते आजच स्पीड पोस्टाने पाठवा. सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाता येतं. न्यायाधिकरण उशीर माफ करू शकतं. पेन्शन दर महिन्याला नाकारली जात असल्यामुळे हक्क बुडत नाही, थकबाकी मात्र बुडते : तरसेम सिंग निकालानुसार (२००८) साधारणपणे अर्जाआधीच्या तीनच वर्षांची मिळते. मागची काही वर्षं हातची गेली, हे लिहिताना वाईट वाटतं. म्हणूनच आता महिनाही दवडू नका.

अर्जात राउंडिंगची, म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी वरच्या टप्प्याला धरण्याची, मागणी विसरू नका. राम अवतार निकालाने (२०१४) सेवा पूर्ण करून नियमित निवृत्त झालेल्यांनाही तो लाभ दिला आहे. ३० टक्के अपंगत्व ५० धरलं जातं. शेवटचं वेतन ५०,००० समजलं तर महिन्याला ४,५०० ऐवजी ७,५०० रुपये, वर महागाई भत्ता.

अपंगत्व पेन्शनच्या २०२३ च्या नव्या नियमांची भीती कुणी घातली तर ऐकू नका. ते २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवेतून बाहेर पडलेल्यांसाठी आहेत. तुम्हाला २००८ चे लागू.

अपिलाचा मसुदा करायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि फेटाळल्याचं मूळ पत्र बरोबर न्या. त्या पत्राचा लिफाफा सापडला तर तोही घ्या, कारण पत्र हातात कधी पडलं हे त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून दाखवता येतं.