गुरुत्वीय लहरींचा ‘पुरावा’ मिळाला, मग ‘शोध’ का म्हणत नाहीत?

आपण विचारले आहे की गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशाला ताणत-आक्रसत जाणारे तरंग, लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेने २०१५ सालीच पकडल्या होत्या, तर मग जून २०२३ मध्ये नारायणगावजवळच्या खोडद इथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या नावाने तीच बातमी पुन्हा का आली. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला या लहरी कळतात कशा. आणि संशोधक मंडळी ‘पुरावा’ या शब्दावरच का थांबली, ‘शोध लागला’ असे सरळ का म्हणत नाहीत. जाता जाता औंढा नागनाथच्या लायगो-इंडिया प्रकल्पाचाही उल्लेख आपण केला आहे. मी या विषयातला संशोधक नाही, इलेक्ट्रॉनिक्सच्या नोकरीतून निवृत्त झालेला हौशी वाचक आहे. मात्र या बातमीमागचे शोधनिबंध आले तेव्हापासून ते चिकाटीने वाचत आलो आहे. आपला तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोने टिपलेली लहर सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांच्या टकरीतून आली होती, आणि एका सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात ती येऊन गेलीसुद्धा. २०२३ च्या बातमीतल्या लहरी नॅनोहर्ट्झच्या आहेत, म्हणजे एक लाट सरून दुसरी यायला काही वर्षे लागतात. त्यांचा उगम बहुधा दीर्घिकांच्या केंद्रांतल्या, सूर्याच्या कोट्यवधी ते अब्जावधी पट वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या जोड्यांत असावा. अशा असंख्य जोड्यांच्या लहरी एकमेकींत मिसळतात आणि लांबून जत्रेचा गलका ऐकू यावा तशी एक सलग गुणगुण तयार होते. ती ऐकायला लायगोची चार किलोमीटरची भुजा अगदीच तोकडी आहे; त्यासाठी प्रकाशवर्षांच्या मापाचे उपकरण लागते, आणि असे उपकरण निसर्गाने पल्सारांच्या रूपाने आकाशात आधीच मांडून ठेवले आहे.

पल्सार म्हणजे स्वतःभोवती फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा. त्याचा रेडिओ झोत दीपगृहाच्या दिव्यासारखा ठरावीक वेळाने आपल्यावरून जातो. जे१७१३+०७४७ या नावाचा पल्सार ४.५७ मिलिसेकंदांत एक फेरी पूर्ण करतो. त्याचा ठोका पुढच्या वर्षी अमुक दिवशी कधी पोहोचेल, हे मायक्रोसेकंदाच्याही आतल्या अचूकतेने सांगता येते. वाटेतले अवकाश गुरुत्वीय लहरीने किंचित ताणले किंवा आक्रसले, तर ठोका काही दहा-शंभर नॅनोसेकंद मागेपुढे होईल. दर दोन-तीन आठवड्यांनी मोजायचे, प्रत्यक्ष वेळेतून अपेक्षित वेळ वजा करायची, उरलेली बाकी वहीत मांडायची, आणि हे उद्योग दहा-वीस वर्षे करत राहायचे. कामाचे स्वरूप खरोखर एवढे साधे आणि एवढे कंटाळवाणे आहे.

खोडदचे महत्त्व त्या बाकीत घुसणाऱ्या एका विशिष्ट चुकीमुळे आहे. पल्सार आणि आपण यांच्यामध्ये विरळ इलेक्ट्रॉन पसरलेले असतात. त्यांच्यामुळे रेडिओ लहर रेंगाळते, आणि वारंवारता जितकी कमी तितकी ती जास्त रेंगाळते. हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. पल्सारवाले वाटेतल्या इलेक्ट्रॉनांची बेरीज ‘डीएम’ या आकड्याने सांगतात. हा डीएम ०.०००१ ने बदलला, तर १४०० मेगाहर्ट्झवर ठोका सुमारे ०.२ मायक्रोसेकंद उशिरा येतो, आणि ४०० मेगाहर्ट्झवर तोच उशीर सुमारे २.६ मायक्रोसेकंद होतो. हे गणित कागदावर करून पाहावे, दोन ओळींत सुटते. आता गंमत पाहा. ०.२ मायक्रोसेकंद म्हणजे २०० नॅनोसेकंद, आणि ज्या लहरी शोधायच्या आहेत त्यांचा परिणामही त्याच पट्टीतला. उच्च वारंवारतेवर काम करणाऱ्या दुर्बिणीला इलेक्ट्रॉनांच्या ढगाचा हा बारीक फरक धड मोजता येत नाही, पण तिच्या निष्कर्षात मात्र तो शिरून बसतो. कमी वारंवारतेवर तो बारापट मोठा दिसतो, म्हणून तिथे मोजून घ्यावा आणि वजा करावा, हा हिशेब आहे.

जीएमआरटीमध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. १४ मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या तीन भुजांवर, अशा त्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. एकदा २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला मी तिथे गेलो होतो. एका अँटेनेखाली उभे राहून वर पाहिले तर तबकडीतून चक्क आकाश दिसते, कारण ती भरीव पत्र्याची नसून स्टीलच्या बारीक तारेच्या जाळीची आहे. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता येतो. आणि मीटरभर लांबीच्या लहरींना एक-दोन सेंटिमीटरची भोके जाणवतच नाहीत. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची ही काटकसर पाहून मी त्या दिवशी बराच वेळ तिथून हललो नव्हतो. भालचंद्र जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘इंडियन पल्सार टायमिंग अ‍ॅरे’ या गटाने याच अँटेनांचे दोन संच करून एकाच वेळी एका संचाने ३०० ते ५०० आणि दुसऱ्याने १२६० ते १४६० मेगाहर्ट्झवर पल्सार मोजले. दहा पल्सारांची सुमारे साडेतीन वर्षांची ही मोजमापे युरोपीय गटाच्या जवळपास पंचवीस वर्षांच्या नोंदींना जोडली गेली. वर्तमानपत्रांनी ‘भारतीय दुर्बिणीने लहरी शोधल्या’ असे छापले ते अतिशयोक्तीचे होते, पण इथला वाटा नावापुरता होता असे म्हणणेही चूक ठरेल.

आता तिसरा प्रश्न. ठोके मागेपुढे झाले म्हणजे लहर आली असे होत नाही. पृथ्वीवरची प्रमाण घड्याळेच किंचित चुकली, तर आकाशातले सगळे पल्सार एकदमच उशिरा किंवा लवकर आल्यासारखे वाटतील. गुरूच्या कक्षेचा अंदाज थोडा चुकला, तर सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याची जागा चुकते, आणि आकाशाच्या एका बाजूचे पल्सार लवकर तर समोरच्या बाजूचे उशिरा आल्यासारखे दिसतात. गुरुत्वीय लहरींची खूण या दोन्हींहून वेगळी असते. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी १९८३ साली दाखवले की पल्सारांच्या जोड्या घेऊन त्यांच्या बाक्या किती जुळतात हे त्यांच्यामधल्या कोनासमोर मांडले, तर एक ठरावीक वक्र मिळायला हवा: जवळजवळचे पल्सार चांगले जुळतात, सुमारे ८२ अंशांवर जुळणी सर्वांत जास्त उणे होते, आणि अगदी समोरासमोरच्या पल्सारांत ती पुन्हा थोडी अधिक होते. घड्याळाच्या किंवा गुरूच्या चुकीतून हा आकार निघत नाही. म्हणून २०२० साली अमेरिकेच्या नॅनोग्रॅव्ह गटाला सर्व पल्सारांत सारखा दिसणारा एक संथ गोंगाट सापडला, तरी वक्र दिसत नव्हता तोवर त्यांनी लहरींचा दावा केला नाही. हा संयम मला त्या सगळ्या कथेतला सर्वांत चांगला भाग वाटतो.

२०२३ मध्ये वक्र दिसू लागला. नॅनोग्रॅव्हकडे ६७ पल्सार होते, म्हणजे २,२११ जोड्या. तरीही ही निव्वळ योगायोगाची करामत नसेल कशावरून? ते तपासायची त्यांची एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. संगणकात पल्सारांच्या आकाशातल्या जागा मुद्दाम पिसून टाकायच्या आणि त्या खोट्या आकाशात तसाच वक्र कितीदा उमटतो ते मोजायचे. तो क्वचितच उमटला. त्यांच्या वेगवेगळ्या कसोट्यांत खोट्या संकेताची शक्यता हजारात एक ते वीस हजारांत एक अशी आली. ऐकायला हे पुष्कळ वाटते, परंतु भौतिकशास्त्रात ‘शोध’ म्हणायला साधारण पस्तीस लाखांत एक, म्हणजे पाच सिग्मा, असा दंडक आहे (सिग्माचा आकडा जितका मोठा, तितकी योगायोगाची शक्यता कमी). नॅनोग्रॅव्हच्या निकालाबरोबरच आलेले इतर निकाल एकत्र ठेवले की चित्र आणखी प्रामाणिक दिसते: ऑस्ट्रेलियाच्या गटाला सुमारे दोन सिग्मा मिळाले, चीनच्या गटाला एका विशिष्ट वारंवारतेवर ४.६, आणि युरोप-भारत गटाला शेवटच्या दहाएक वर्षांच्या नोंदींतून तीन. याच शेवटच्या गटाने पंचवीस वर्षांच्या सगळ्या नोंदी घेतल्या तेव्हा मात्र खोट्या संकेताची शक्यता शंभरात चारपर्यंत वाढली. जुनी यंत्रे अरुंद पट्ट्यावर चालत, त्यामुळे इलेक्ट्रॉनांचा उशीर त्या काळात नीट वेगळा काढता येत नव्हता, हे त्याचे बहुधा कारण. पण कारण माहीत आहे म्हणून आकडा लपवला गेला नाही, दोन्ही उत्तरे शेजारीशेजारी छापली गेली.

पल्सारही भरवशाला अधूनमधून दगा देतात. वर ज्याचे नाव घेतले तो जे१७१३+०७४७ सगळ्यांचा लाडका, पण एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या ठोक्याचा आकारच एकाएकी बदलला. जीएमआरटीच्या नोंदींतही तो बदल स्पष्ट दिसला. अशा पल्सारच्या नोंदी निमूटपणे जुन्या साच्यात कोंबल्या असत्या, तर खोटा उशीर तयार झाला असता. आणि घाईची किंमत किती मोठी असते हे मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप२ या दुर्बिणीच्या गटाने पाहिले होते: विश्वाच्या जन्मवेळच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडली असे त्यांनी जाहीर केले, आणि वर्षभरात प्लँक उपग्रहाच्या नोंदींशी ताडून पाहता त्या संकेतात आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा वाटा मोठा निघाला. २०२३ च्या निबंधांतली भाषा जपून वापरलेली आहे, यामागे ही आठवण असणारच.

पुढे काय पाहायचे, तर सगळ्या गटांच्या नोंदी एकत्र करून होणारे विश्लेषण. दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट या रेडिओ दुर्बिणीने २०२४ च्या अखेरीस ८३ पल्सारांवर आधारलेला स्वतंत्र निकाल दिला आहे, तोही याच दिशेने बोट दाखवतो.

औंढा नागनाथबद्दल: केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेली लायगो-इंडिया ही चार किलोमीटर भुजांची वेधशाळा या नॅनोहर्ट्झच्या लहरी मोजणार नाही. ती २०१५ सालच्या लहरीच्या जातीतल्या, सेकंदाला दहा-वीस ते हजारो वेळा थरथरणाऱ्या लहरी टिपेल. आणि अमेरिकेतल्या दोन व युरोपातल्या एका वेधशाळेपासून ती खूप दूर असल्याने लहर आकाशाच्या नेमक्या कोणत्या भागातून आली हे सांगायला तिचा मोठा उपयोग होईल.